राखेचे डबे, गच्च्या आणि बॉक्सिंगचे आखाडे: न्यूयॉर्कचे ‘ॲशकॅन’ चित्रकार

रंगपेटी

जॉन स्लोनचं १९०७ सालचं एक चित्र आहे, ‘हेअरड्रेसर्स विंडो’. न्यूयॉर्कचा सिक्स्थ ॲव्हेन्यू. वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीत एक बाई हातात रबरी मोजे घालून गिऱ्हाइकाचे लांबसडक केस रंगवतेय. आजूबाजूला दुकानांच्या पाट्यांची गर्दी. खाली फुटपाथवर बघे जमलेत, माना वर करून. चित्रात एवढंच आहे. कुणी राजा नाही, देवी नाही, सूर्यास्त नाही.

स्लोन त्या दिवशी आपला चित्रकार मित्र रॉबर्ट हेन्राय याच्या स्टुडिओकडे चालत निघाला होता. वाटेत हे दिसलं. घरी आल्यावर त्यानं ते आठवणीतून रंगवलं. जिथे इझल लावलेलं नाही, मॉडेल बसवलेलं नाही अशा रस्त्यावरचा एक क्षण चालता चालता पकडायचा आणि घरी जाऊन कॅन्व्हासवर उतरवायचा, ही कला स्लोन आणि त्याच्या ‘ॲशकॅन’ चित्रकार मित्रांकडे आली कुठून, यावर मला लिहायचंय. माझं म्हणणं असं की ती वर्तमानपत्राच्या कचेरीतून आली. अमेरिकन चित्रकलेतला हा मोठा बदल कला-अकादमीत झाला नाही, बातम्यांच्या धावपळीत झाला.

१८९० च्या दशकातलं फिलाडेल्फिया डोळ्यासमोर आणा. वर्तमानपत्रात फोटो छापणं अजून रुळलेलं नव्हतं. आग लागली, गाड्यांची टक्कर झाली, खटला उभा राहिला की चित्रकार धावायचा. जागेवर कागदाच्या कपट्यावर चार रेघा आणि खुणा, मग कचेरीत येऊन अंक छपाईला जायच्या आत पूर्ण चित्र. विल्यम ग्लॅकन्स, जॉर्ज लक्स आणि एव्हरेट शिन असेच घडले. ग्लॅकन्सच्या स्मरणशक्तीबद्दल त्याचे सहकारी वर्षानुवर्षं बोलत राहिले. एकदा नजर टाकली की त्याला पुन्हा बघावं लागायचं नाही. १८९८ च्या अमेरिका-स्पेन युद्धात एका मासिकानं त्याला चित्रं काढायला थेट क्यूबाला पाठवलं होतं. लक्स तर त्याआधीच क्यूबाला जाऊन आलेला.

स्लोन त्यातला जरा वेगळा. तो टेबलावर बसून काम करणारा, ‘फिलाडेल्फिया प्रेस’साठी सजावटीची चित्रं आणि रविवारच्या पुरवणीतली कोडी काढणारा. कोडी त्यानं १९१० पर्यंत काढली, घरभाडं त्यावरच निघायचं. रस्त्यावर उतरायची सवय त्याला १९०४ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर लागली. तेविसाव्या रस्त्यावर बिऱ्हाड केलं आणि मैलोन्मैल भटकायला लागला.

या चौघांना एकत्र आणलं ते हेन्रायनं (१८६५-१९२९). त्याची स्वतःची कथाही विलक्षण. वडिलांनी नेब्रास्कात एका माणसावर गोळी झाडली, तो माणूस दगावला, आणि मूळच्या या कोझाड कुटुंबाला गाव सोडून नावं बदलावी लागली. मुलगा पुढे चित्रकला शिकला, पॅरिसला जाऊन आला आणि फिलाडेल्फियात वॉलनट स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत दर मंगळवारी संध्याकाळी या वर्तमानपत्री पोरांची बैठक भरवायला लागला. फ्रान्स हाल्स, वेलाझ्केझ, माने या युरोपीय चित्रकारांची चित्रं बघा असं तो सांगे. रंग भराभर लावा, पहिल्या फटक्यातला जोर घालवू नका. आणि विषय दाराबाहेर आहे, तिथे जा. ‘तुम्ही चित्रकार होऊ शकता’ हे या रेघोट्या ओढून पोट भरणाऱ्या पोरांना पहिल्यांदा सांगणारा माणूस तो होता.

१९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनच्या प्रदर्शनात या मित्रांची चित्रं नाकारली गेली. हेन्राय त्या वेळी परीक्षक मंडळावरच होता. त्यानं आपलीही चित्रं मागे घेतली. मग फेब्रुवारी १९०८ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या मॅकबेथ गॅलरीत आठ जणांनी आपलं वेगळं प्रदर्शन भरवलं. हे पाच आणि त्यांच्या जोडीला आर्थर डेव्हिस, अर्नेस्ट लॉसन, मॉरिस प्रेंडरगास्ट. शेवटच्या तिघांची शैली अगदी निराळी, पण अकादमीच्या मक्तेदारीविरुद्ध सगळे एक. प्रदर्शनाला तोबा गर्दी झाली. समीक्षकांनी कुरूपतेचे पुजारी म्हणून झोडपलं. सात चित्रं विकली गेली, त्यातली चार गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या श्रीमंत शिल्पकार बाईंनी घेतली. पुढे १९२९ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्यांचा संग्रह नाकारला तेव्हा त्यांनी स्वतःचंच संग्रहालय काढलं. आजचं व्हिटनी म्युझियम ते हेच.

इथे कुणी ही चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर जरूर लिहा.

दुपारची_उन्हं

मस्त धागा! वाचतेय. ॲशकॅन हे नाव त्यांनी स्वतः घेतलं होतं का?

रंगपेटी

@दुपारची_उन्हं, नाही. ॲशकॅन म्हणजे राखेचा डबा. तेव्हा घरोघरी कोळशाच्या शेगड्या. उरलेली राख पत्र्याच्या डब्यात भरून फुटपाथच्या कडेला ठेवायची, गाडी येऊन उचलून न्यायची. गरीब वस्तीत हे डबे दिवसभर भरून वाहत असत. १९१६ मध्ये ‘द मासेस’ या समाजवादी मासिकात चित्रकार आणि संपादकांचं वाजलं. मुद्दा हा की चित्रांखाली राजकीय ओळी घालायच्या की चित्रं तशीच छापायची. तेव्हा आर्ट यंग या व्यंगचित्रकारानं चिडून म्हटलं की यांना नुसते राखेचे डबे आणि होरॅशिओ स्ट्रीटवर झगे सावरणाऱ्या पोरीच काढायच्या आहेत. म्हणजे हे शब्द आले ते डाव्या गोटातूनच. पुस्तकात ‘ॲशकॅन स्कूल’ असं शिक्कामोर्तब झालं १९३४ मध्ये, तोवर यातले काही जण हयातही नव्हते.

शाईचा_डाग

रंगपेटी, वर्तमानपत्राचा मुद्दा तुम्ही धरलात म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं एका दैनिकात चित्रकार होतो, ब्लॉकच्या छपाईच्या काळापासून. त्या कामात हाताला काय सवय लागते ते सांगतो.

झिंकच्या ब्लॉकवर बारीक छटा टिकत नाहीत. शाई पसरते, कागद स्वस्तातला, सगळा मधला करडा भाग चिखल होऊन जातो. त्यामुळे तुम्ही आपोआप ठरवायला शिकता: अंधार कुठे, उजेड कुठे, आणि या दोन्हींच्या सीमेवर माणूस कसा उभा आहे. चेहऱ्यावर वेळ घालवायचा नाही. खांदे, टोपी, पिशवी धरायची ढब, एवढ्यावर माणूस ओळखू आला पाहिजे. गर्दी काढायची असेल तर तीन माणसं नीट काढायची, बाकीची डोकी सुचवायची. आणि घड्याळ समोर असतं, म्हणून खोडायचं नाही.

तुमचा धागा वाचल्यावर लक्सचं ‘हेस्टर स्ट्रीट’ (१९०५) मोठं करून पाहिलं. अगदी हेच आहे. लोअर ईस्ट साइडचा ज्यू स्थलांतरितांचा बाजार, एक खेळणीवाला पोरांना खेळणं नाचवून दाखवतोय. पुढचे चार-पाच जण ठसठशीत आणि मागे माणसांचा नुसता गडद लोट. पण तो लोट कंटाळवाणा नाही, कारण प्रत्येक टोपीचा कोन वेगळा आहे. वर्तमानपत्रात काम केलेल्यालाच हे जमतं असं मी म्हणणार नाही, पण त्याला हे शिकवावं लागत नाही.

रंगपेटी

काका, तुमच्यासारख्यानं हे लिहिलं याचं मोल फार आहे. टोपीच्या कोनाचा मुद्दा मी आजवर कुठेच वाचला नव्हता.

लक्सबद्दल आणखी एक. ‘यलो किड’ हे तेव्हाचं गाजलेलं व्यंगचित्रातलं पोर. त्याचा मूळ चित्रकार आउटकॉल्ट १८९६ मध्ये हर्स्टच्या पेपरात गेला, तेव्हा त्यानं सोडलेल्या ‘वर्ल्ड’ या पेपरनं ते पात्र लक्सला काढायला लावलं. म्हणजे एकाच वेळी दोन पेपरांत दोन यलो किड! गल्लीतली पोरं रेखाटायचा हात तिथे बसला. १९०५ चं त्याचं ‘द स्पीलर्स’ बघा, दोन गरीब मुली एकमेकींना धरून नाचतायत, एक लालसर केसांची, एक सोनेरी. रंग चपलेच्या तळव्यासारखे मळके आणि त्यात ते दोन चेहरे उजळलेले.

वाचनमात्र_७

चर्चा छान चाललीय, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती मांडतोच.

याच गल्ल्यांमध्ये जेकब रीसनं फोटो काढले आणि १८९० मध्ये ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ छापलं. लुईस हाइननं कामाला जुंपलेल्या मुलांचे फोटो काढले. ते बघून पोटात गोळा येतो. एका खोलीत दहा जण, हवा नाही, उजेड नाही, क्षयरोग. आणि आपले हे चित्रकार काय रंगवतात? नाचणाऱ्या मुली, खेळणीवाला, गच्चीवर केस वाळवणाऱ्या बायका. २५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, १४६ माणसं गेली, त्यातल्या बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. शहराला हादरवणारी घटना. या वास्तववाद्यांच्या कॅन्व्हासवर ती कुठे आहे? गरिबी रंगीत करून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगण्याजोगी केली, असा आरोप मी केला तर चूक काय?

पायवाट

वाचनमात्र यांच्याशी सहमत. गरिबीचं पर्यटन म्हणतात ते हेच.

रंगपेटी

वाचनमात्र, प्रश्न अगदी रास्त आहे. यावर सविस्तर लिहितो, कारण या चित्रांवर माझं प्रेम आहे ते नेमकं याच मुद्द्यापाशी.

आधी ट्रँगलच्या आगीबद्दल. स्लोननं त्यावर चित्र काढलं. ‘कॉल’ या समाजवादी दैनिकासाठी. काळा त्रिकोण, त्याच्या तीन बाजूंवर भाडं, व्याज आणि नफा असे शब्द, आत जळालेली मुलगी, एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला भांडवलदार. १९१० मध्ये तो समाजवादी पक्षात गेला होता. १९१२ पासून ‘द मासेस’ची चित्रांची बाजू तो बघत होता. कोलोरॅडोत लडलोच्या खाणकामगारांवर, त्यांच्या बायकापोरांवर गोळ्या चालल्या, तेव्हा जून १९१४ च्या अंकाचं मुखपृष्ठ त्यानं केलं: खाणकामगार मेलेलं मूल कवटाळून बंदूक झाडतोय. त्याची बायको डॉली तर त्याच्याही पुढे. १९१२ मध्ये लॉरेन्सच्या गिरणी संपात संपकऱ्यांची मुलं सांभाळायला न्यूयॉर्कला आणली गेली, त्या व्यवस्थेत ती होती.

म्हणजे संताप होता, आणि तो छापून यायचा. पण रंगचित्रात तो येऊ द्यायचा नाही हे स्लोननं जाणून ठरवलं होतं. हातात कुंचला असताना लोकांना धडा शिकवायचा नाही, बघायचं. १९१६ चं भांडणही त्यावरूनच पेटलं आणि त्यानं मासिक सोडलं.

आता रीसचे फोटो. त्यांची ताकद मी नाकारत नाही, त्यामुळे कायदे बदलायला मदत झाली. पण ते परत बघा. मॅग्नेशियमचा भगभगीत उजेड तोंडावर पडल्यावर बावचळलेली माणसं. त्यांच्याकडे बघताना आपल्या मनात एकच भावना उठते, दयेची. त्या खोलीत कुणी हसत असेल, कुणी कुणावर जीव लावत असेल, रविवारची वाट बघत असेल, याला त्या फोटोत जागा नाही. स्लोनच्या ‘संडे, विमेन ड्राइंग देअर हेअर’ (१९१२) मधल्या तिघी बघा. ही त्याच्या स्टुडिओतून दिसणारी कॉर्नेलिया स्ट्रीटची गच्ची. शेजारी दोरीवर कपडे वाळतायत. आठवडाभर राबलेल्या बायकांचा सुटीचा दिवस. एक केस पुढे घेऊन पिंजतेय, तिघींच्या गप्पा रंगात आल्यायत. त्यांना आपली दया नको आहे. उन्हात बसून सुख अनुभवण्याचा हक्क गरीब बाईला आहे, हे १९१२ मध्ये कॅन्व्हासवर लिहिणं मला लहान गोष्ट वाटत नाही.

आणि सगळंच काही हसतं-खेळतं नाही. शिनचं ‘इव्हिक्शन’ (१९०४) अगदी लहानसं चित्र आहे, कागदावर गुआश या अपारदर्शक जलरंगात केलेलं. भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेल्या कुटुंबाचं सामान रस्त्यावर पडलंय. पलंग, गाद्या, बोचकी. हमाल उचलाउचल करतायत आणि शेजारीपाजारी उभे आहेत. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. ते पाहिल्यावर पर्यटनाचा आरोप मला तरी करवणार नाही.

वाचनमात्र_७

ट्रँगलच्या व्यंगचित्राबद्दल माहीत नव्हतं, शोधून पाहिलं. जबरदस्त आहे. तरी माझा प्रश्न थोडा उरतोच. ‘कॉल’ वाचणारे कामगार आधीच त्यांच्या बाजूचे. गॅलरीत येणाऱ्या श्रीमंतांना मात्र गच्चीवरच्या गप्पा दाखवल्या. ज्याला हलवायचं त्यालाच हलवलं नाही.

क्लीव्हलंडकर

मी इथे ओहायोत राहते. आमच्या क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्टमध्ये जॉर्ज बेलोजचं ‘स्टॅग ॲट शार्कीज’ (१९०९) आहे, आणि प्रवेश सगळ्यांना मोफत. या चित्रासमोर मी खूप वेळा उभी राहिलेय, म्हणून त्याबद्दल लिहिते.

साधारण तीन फूट बाय चार फूट. मध्ये दोन बॉक्सर एकमेकांवर असे आदळलेत की दोघांचा मिळून एक त्रिकोण होतो. जवळ गेलात तर शरीर दिसतच नाही, नुसते रंगाचे लांब ओरखडे. पांढरा, हिरवट, मध्येच मांसासारखा लाल. एका बॉक्सरची मांडी म्हणजे कुंचल्याचे थोडेसेच फटकारे. चार पावलं मागे आलं की त्याच ओरखड्यांचे ताणलेले स्नायू होतात. कडेला वाकलेला पंच. खाली रिंगच्या दोरांलगत प्रेक्षकांचे चेहरे, आणि ते चेहरे मला लढतीपेक्षा भीषण वाटतात. तोंडं वासलेली. एक जण मागे वळून आपल्याकडेच बघतो. चित्रकारानं आपल्याला त्या गर्दीतच, खालच्या रांगेत बसवलंय.

तेव्हा न्यूयॉर्क राज्यात जाहीर बॉक्सिंगला बंदी होती. म्हणून खाजगी क्लब काढायचे आणि लढणाऱ्याला त्या रात्रीपुरतं सभासद करून घ्यायचं! टॉम शार्कीचा क्लब बेलोजच्या स्टुडिओपासून अगदी जवळ होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्राचं नावच ‘बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब’, त्यात एक काळा आणि एक गोरा बॉक्सर. हेवीवेट विजेतेपद जॅक जॉन्सन या काळ्या बॉक्सरकडे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या नावातली चपराक तेव्हाच्या प्रेक्षकांना नक्की लागली असणार.

वाचनमात्र, तुम्ही म्हणता श्रीमंतांना हलवलं नाही. इथे मात्र बघणाऱ्यालाच धरून ओढलंय हो.

वाचनमात्र_७

क्लीव्हलंडकर, हे पटलं. बेलोज या सगळ्यांत वेगळा वाटतोय.

रंगपेटी

सुंदर लिहिलंत! बेलोज (१८८२-१९२५) फिलाडेल्फियाच्या टोळीतला नव्हे, ओहायोतल्या कोलंबसचा. कॉलेजात बेसबॉल, बास्केटबॉल गाजवलेला. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला येऊन हेन्रायचा विद्यार्थी झाला. मॅकबेथच्या आठांत तो नाही, तरी ॲशकॅनमध्ये सगळ्यांत ओळखीचं नाव त्याचंच. १९२५ मध्ये अपेंडिक्स फुटून गेला, बेचाळिसाव्या वर्षी.

त्याची पेनसिल्व्हेनिया स्टेशनच्या खोदकामाची चित्रंही शोधा (१९०७ ते १९०९). स्टेशनसाठी मॅनहॅटनच्या मध्यावर शेकडो इमारती पाडून अजस्र खड्डा खणला होता. बेलोजनं स्टेशन रंगवलं नाही, खड्डा रंगवला. बर्फ, धूर, तळाशी मुंगीएवढी माणसं आणि वर काठावर उरलेल्या इमारती. १९१० मध्ये त्यावर ग्रॅनाइटचं भव्य स्टेशन उभं राहिलं आणि १९६३ पासून तेही पाडलं. चित्रातला खड्डा मात्र ब्रुकलिन म्युझियममध्ये सुरक्षित आहे.

मोगरी

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. बायकांबद्दल कुणी बोललं नाही.

रंगपेटी, तुम्ही गच्चीवरच्या तिघींना सुखाचा हक्क दिला असं लिहिलंत. पण त्या तिघींना माहीत होतं का की वरून कुणीतरी बघतंय? स्लोनचं ‘थ्री ए.एम.’ (१९०९) घ्या. पहाटे तीन वाजता एका स्वयंपाकघरात दोघी जणी, एक झोपायच्या कपड्यांत चुलीपाशी काहीतरी शिजवतेय, दुसरी चहा पीत बसलीय. हे त्यानं आपल्या घराच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. त्याच्या रोजनिशीतच आहे की खिडकीतून दिसणारं माणसांचं आयुष्य तो सतत न्याहाळायचा आणि आपण दिसणार नाही याची काळजी घ्यायचा. यावर मला त्रास होतो. चित्र अप्रतिम आहे म्हणून तो त्रास कमी होत नाही.

दुसरं म्हणजे त्याचा तो प्रसिद्ध ‘मॅक्सॉर्लीज बार’ (१९१२). सुंदर उबदार अंधार, पांढऱ्या अंगरख्यातले बारवाले. त्या दारूगुत्त्यात बाईला प्रवेश मिळाला १९७० मध्ये! म्हणजे शहराच्या निम्म्या जागा अशा की जिथे बाई चित्रकार जाऊच शकत नव्हती. शार्कीचा क्लबही तसाच.

आणि बायका रंगवत होत्याच की. थेरेसा बर्नस्टाइन, क्राकूला जन्मलेली, फिलाडेल्फियात शिकलेली, शंभरी ओलांडून २००२ पर्यंत जगली. तिचं ‘वेटिंग रूम, एम्प्लॉयमेंट ऑफिस’ (१९१७) न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये आहे. घरकामाची नोकरी मागायला आलेल्या बायका बाकांवर ताटकळत बसल्यात. कुणी कुणाकडे बघत नाही. चोरून बघणं नाही, ती त्यांच्यात बसून बघतेय. ती कित्येकदा नुसतं टी. बर्नस्टाइन अशी सही करायची, बाई आहे हे कळू नये म्हणून. या धाग्यात तिचं नाव यायलाच हवं होतं.

दुपारची_उन्हं

मोगरीताई, +१०० 🙏 बर्नस्टाइनचं नाव पहिल्यांदा ऐकलं. बाकांवरच्या त्या बायकांचं चित्र आत्ताच पाहिलं आणि बराच वेळ तिथेच थांबले.

शाईचा_डाग

मोगरी, चोरून बघण्याबद्दल एक सांगू का? रस्त्यावर रेखाटनं करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. माणसाला कळलं की आपलं चित्र काढतायत, तर तो ताठ बसतो, पदर सावरतो, गंभीर होतो. म्हणून लपून काढायचं. पण रस्ता वेगळा आणि घराची खिडकी वेगळी, ही सीमा मी स्वतः कायम पाळली. स्लोननं ती ओलांडली असं तुमच्यासारखंच मलाही वाटतं.

रंगपेटी

मोगरीताई, बर्नस्टाइनवर तुम्हीच वेगळा धागा काढा, अशी मनापासून विनंती.

‘थ्री ए.एम.’बद्दल एवढंच जोडतो की अकादमीनं तेही नाकारलं होतं, पण कारण वेगळं. रात्री-अपरात्री घरी येणाऱ्या, चारित्र्याबद्दल शंका यावी अशा बायका चित्राचा विषय कशा होतील, हा त्यांचा आक्षेप. १९०६ मध्येही तसंच. स्लोनच्या ‘न्यूयॉर्क सिटी लाइफ’ या एचिंगच्या (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेतली दहा चित्रं एका प्रदर्शनासाठी मागवली आणि त्यातली चार असभ्य म्हणून परत पाठवली. त्यांतली बायका-माणसं उकाड्यात गच्चीवर झोपलेली, झोपायच्या आधी दिवा मालवणारी. अकादमीला त्या बायका दिसणंच नको होतं. तुमचा आक्षेप त्यांना न विचारता दाखवण्याला आहे. या दोन आक्षेपांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. मी चित्रापुढे उभा राहतो तेव्हा त्या चहा पिणाऱ्या बाईबद्दल मला फक्त जिव्हाळाच वाटतो, एवढंच सांगू शकतो.

पायवाट

मी आधी एका ओळीत निकाल देऊन मोकळा झालो होतो, त्यानंतर बेलोजचं ‘क्लिफ ड्वेलर्स’ (१९१३) मोठं करून पाहत बसलो. लोअर ईस्ट साइडची भाडोत्री घरं, उन्हाळा, सगळं बिऱ्हाड रस्त्यावर आणि जिन्यांवर उतरलेलं. इमारतींच्या मध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर धुणं. मागे गर्दीत अडकलेली ट्राम. पुढे एक आई पोराला खसकन ओढतेय. आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, त्यामुळे कुठल्या गॅलरीतून कोण कुणाला हाक मारतंय हेसुद्धा मला ऐकू येतं. ही गर्दी बाहेरून आलेल्या माणसाला किळसवाणी वाटते. आत वाढलेल्याला त्यात कोण कुठे उभं आहे ते कळतं. बेलोजला ते कळलं होतं असं दिसतं.

रंगपेटी

पायवाट, या चित्राचं आधीचं रेखाटन ऑगस्ट १९१३ च्या ‘द मासेस’मध्ये छापलं होतं. त्याचं शीर्षक होतं, ‘हे सगळे सुटीला खेड्यात का जात नाहीत?’ श्रीमंत बाईनं सहज विचारावा तसा प्रश्न. रंगचित्रात तो प्रश्न गेला आणि उरली ती माणसं. छापील चित्रात टोला आणि कॅन्व्हासवर नुसतं बघणं, हे वर स्लोनबद्दल लिहिलं तेच इथे पुन्हा दिसतं.

अर्धा_कप

उत्तम धागा. माझा प्रश्न: मग हे सगळे एकदम विस्मृतीत कसे गेले? कला-इतिहासाच्या पुस्तकात यांना एक पान, आणि पुढे थेट अमूर्त चित्रं काढणारा पोलॉक.

रंगपेटी

@अर्धा_कप, १९१३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका लष्करी कवायतगृहात ‘आर्मरी शो’ भरला. मातीस, पिकासो, द्युशाँ अमेरिकेनं पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिले. तो भरवण्यात या मंडळींचाच हात होता, आर्थर डेव्हिस आयोजक संस्थेचा अध्यक्ष होता. अकादमीचा दरवाजा यांनी फोडला आणि त्यातून युरोपचा आधुनिकवाद आत आला. पाच वर्षांपूर्वीचे बंडखोर रातोरात जुने ठरले. ग्लॅकन्स तर १९१२ मध्येच शाळासोबती अल्बर्ट बार्न्सचे २०,००० डॉलर घेऊन पॅरिसला गेला होता, त्याच्यासाठी चित्रं खरेदी करायला. येताना व्हॅन गॉग आणि सेझान घेऊन आला. त्याची स्वतःची शैलीही मग रेन्वारच्या वळणावर गेली. मला त्याची आधीची चित्रं जास्त आवडतात.

विस्मृतीत गेले हे मात्र पूर्ण खरं नाही. एडवर्ड हॉपर हेन्रायचाच विद्यार्थी. ‘नाइटहॉक्स’ (१९४२) मधली रात्रीची काच आणि आतला उजेड बघा, त्याआधी स्लोनच्या खिडक्या बघा. माणसं शांत झाली, गर्दी ओसरली, पण रस्त्यावर उभं राहून आत बघणं तेच आहे.

क्लीव्हलंडकर

विस्मृतीवरून आठवलं. बेलोजचं ‘मेन ऑफ द डॉक्स’ (१९१२) लंडनच्या नॅशनल गॅलरीनं २०१४ मध्ये २ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं. हिवाळ्यातल्या सकाळी ब्रुकलिनच्या धक्क्यावर रोजंदारीची वाट बघणारे मजूर आणि शेजारी उभे घोडे. ते आधी व्हर्जिनियातल्या एका बायकांच्या कॉलेजचं होतं. १९२० मध्ये तिथल्या मुलींनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते २,५०० डॉलरला घेतलं होतं. कॉलेजनं पैशांसाठी विकलं तेव्हा इथे फार वाद झाला.

मोगरी

मुलींनी वर्गणी काढून घेतलेलं चित्र विकायचं? हे मला अजिबात पटत नाही, लंडनला लाखो लोक बघत असले तरी.

वाचनमात्र_७

मोगरीताई, इथे मी तुमच्या विरुद्ध बाजूला. धक्क्यावरच्या मजुरांचं चित्र लंडनमध्ये, मोफत प्रवेश असलेल्या गॅलरीत मोनेच्या शेजारघरात लागलंय. अकादमीनं ज्यांना कुरूप म्हटलं त्यांच्यासाठी याहून चांगली जागा कुठली?

दुपारची_उन्हं

पुढच्या महिन्यात भावाकडे न्यूजर्सीला जातेय. दोन दिवस आहेत, काय काय पाहू?

रंगपेटी

@दुपारची_उन्हं, पहिला दिवस ब्रुकलिन म्युझियमला द्या. लक्सचं ‘हेस्टर स्ट्रीट’, बेलोजचा खड्डा आणि स्लोनचं ‘द हेमार्केट’ हे तिघंही त्यांच्याच संग्रहात. दुसऱ्या दिवशी व्हिटनी, तिथे ग्लॅकन्सचं ‘हॅमरस्टाइन्स रूफ गार्डन’ (१९०१) आणि बेलोजचं ‘डेम्प्सी अँड फिर्पो’ (१९२४) आहे. न्यूजर्सीतच नेवार्कच्या संग्रहालयात स्लोनचं ‘पिक्चर शॉप विंडो’ आहे. चित्रं आलटून पालटून भिंतीवर लावतात, म्हणून आदल्या दिवशी संस्थळावर ‘ऑन व्ह्यू’ आहे का ते बघूनच निघा. आणि मोगरीताईंनी सांगितलेलं बर्नस्टाइनचं चित्र ज्यूइश म्युझियममध्ये लागलेलं असेल तर ते अजिबात चुकवू नका. परत आल्यावर इथेच लिहा.